पंचविसावा हात

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो : नायगारा पाहिलात का? मी नाही पाहिला. ग्रँड कॅन्यनला जाणाऱ्या फाट्यावरून जाताना आणि येताना गेले, पण वळले नाही. मी तिथे एक ग्रामसभा पाहून आले आणि मला विचाराल, तर विमानाच्या तिकिटाचं सार्थक तेवढ्यात झालं.

हे ऐकून आमच्या मास्तरांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, कपाळावर हात मारला. माण तालुक्यातल्या आमच्या गावची मी दोन वेळा सरपंच होते. पद गेलं तरी जित्याची खोड जात नाही. पण गेलेल्यांनी नायगाऱ्यावर पुष्कळ लिहिलंय. या सभेबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा खटाटोप.

चँडलर

माझी लेक अश्विनी ॲरिझोनातल्या चँडलरला असते. जावई चिपच्या कारखान्यात, तीही तिथेच. सप्टेंबर असूनही बाहेर भट्टी आणि घरात हुडहुडी. दिवसभर काचेच्या दारातून मी समोरचं निवडुंग बघत बसायची. शनिवारी मंडळातल्या बायका यायच्या, 'काकू, करमतंय ना?' विचारायच्या आणि मी खोटं बोलायची.

एका संध्याकाळी अश्विनीच्या टीममधली व्हॅलरी चहाला आली. तिशीची, शांत, हळू बोलणारी. ती नवाहो. म्हणजे तिथल्या मूळ लोकांपैकी, ज्यांचा स्वतःचा मोठा मुलूख आहे, स्वतःचं सरकार आहे. मी केलेले पोहे तिने दुसऱ्यांदा मागून घेतले तेव्हाच ती मला आवडली. आठवड्याच्या शेवटी गावी जायचंय म्हणाली. तिची आई एकटी राहते, घरात वीज आहे पण नळ नाही. पिकअपमध्ये टाकी घालून म्हातारी स्वतः पाणी आणते. नळाची लाइन त्यांच्या वस्तीपर्यंत न्यावी, असा ठराव रविवारी त्यांच्या चॅप्टरच्या सभेपुढे होता. चॅप्टर म्हणजे त्यांची ग्रामपंचायत. अशा शंभराहून जास्त आहेत. या महिन्यात ठराव झाला नाही, तर वस्तीचं नाव यंदाच्या कामांतून गळणार होतं, आणि पुढच्या वर्षाची हमी कुणी देत नव्हतं.

"ठराव होईल ना?" मी विचारलं.

"कोरम झाला तर," व्हॅलरी म्हणाली.

कोरम! मी कप खाली ठेवला. सातासमुद्रापलीकडे कुणीतरी माझ्या माहेरचं नाव घ्यावं, तसं झालं मला.

"मी येणार," मी सांगून टाकलं.

अश्विनीने डोळे मोठे केले. व्हॅलरी गेल्यावर म्हणाली, "आई, प्लीज. तू तिथे गेस्ट असणार आहेस. सजेशन्स द्यायला सुरुवात करू नकोस, ओके?"

"मी कशाला बोलू त्यांच्यात?"

"तू बोलतेस यार! मंडळाच्या गणपती मीटिंगमध्ये तू त्यांचा अख्खा अजेंडा चेंज केलास."

त्या अजेंड्यात आरतीआधी आभारप्रदर्शन होतं. बदलायलाच हवा होता.

एल्सीबाईंचं घर

व्हॅलरी आधीच गेली होती. आम्ही मायलेकी शनिवारी निघालो. फ्लॅगस्टाफची पाइनची झाडं मागे पडली, डोंगर उतरला आणि एकदम माझा ओळखीचा मुलूख लागला. उघडा माळ, लांबवर मेंढ्या, आणि आभाळ इतकं मोठं की डोळ्यांत मावेना. फक्त माती तांबडी आणि खडक मंदिराच्या शिखरासारखे. बोलता बोलता मी 'आपलं म्हसवड' म्हणून गेले आणि अश्विनी हसली.

जेवायला सहाला पोचतो असं कळवलं होतं. पोचलो तेव्हा आमच्या घड्याळात सहाच वाजले होते, पण व्हॅलरी म्हणाली सात. नवाहो मुलखात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. बाकीचं ॲरिझोना करत नाही. एकाच राज्यात दोन वेळा! फोनवर बोट आपटत अश्विनी पुटपुटत राहिली. इंजिनिअर माणसाला सीमेवर घड्याळ फसवतं, हे बघून मला बरं वाटलं.

व्हॅलरीची आई एल्सीबाई सत्तरीची असावी. मखमली झंपर, केसांचा घट्ट अंबाडा, पायात पळायचे बूट. ती इंग्रजी बोलायची, पण प्रत्येक शब्द आधी पारखून घेऊन. हात दाबून न धरता नुसता हातात दिला आणि विचारलं, "तू कोणाची?"

हा प्रश्न मला अमेरिकेत पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. तोपर्यंत सगळे 'काय करता?' विचारायचे. त्यांच्याकडे ओळख करून देताना आधी आईचं कूळ, मग बापाचं, मग दोन्ही आजोबांची कुळं सांगतात. माणूस आईच्या कुळाचा मानला जातो. मी माझं आजोळ सांगितलं, माहेर सांगितलं, सासर सांगितलं. अश्विनीने सगळं इंग्रजीत केलं. एल्सीबाई सासरपाशी अडखळली. लग्न झाल्यावर बाई नवऱ्याच्या घरी का जाते, हे तिला समजावून सांगता सांगता मलाही ते नीट सांगता येईना.

जेवायला मटणाचा स्ट्यू होता. मसाला नाही, नुसतं मीठ, बटाटा आणि मका. पहिला घास घेताना कांदा-लसणाच्या चटणीची आठवण झाली. तिसऱ्या घासाला झाली नाही. मेंढी माळावर चरलेली होती, तिला मसाल्याची गरज नव्हती. बरोबर हातावर थापलेल्या जाड रोट्या. त्या थापण्याचा आवाज ऐकला आणि मी उठून चुलीजवळ जाऊन उभी राहिले. थाप आमचीच, पीठ तेवढं वेगळं.

भांडी विसळलेलं पाणी एल्सीबाईने फेकलं नाही. एका बादलीत ओतलं आणि ती बादली दारातल्या पीचच्या झाडाखाली नेऊन उपडी केली. टँकरच्या गावात जन्म गेल्यावर दुसऱ्याच्या हातातली बादली बघूनच सगळं कळतं. ठराव झालाच पाहिजे, असं मी मनाशी पक्कं केलं. मला मत नव्हतं, पण म्हणून काय झालं?

चॅप्टर हाउस

सभेची इमारत बसकी, लांबट, पत्र्याच्या छपराची. बाहेर पाणी भरायचा नळ, त्यापुढे टाक्या घातलेल्या पिकअपची रांग. आत एक मोठं दालन, घडीच्या खुर्च्या, दोन झेंडे, भिंतीवर मेंढ्यांच्या लसीकरणाची आणि फुकट डोळे तपासणीची सूचना, आणि मागे स्वयंपाकघर. लोक इथे पाणी भरतात, इंटरनेट वापरतात, मयताच्या जेवणाला दालन घेतात. आमच्या चावडी, समाजमंदिर आणि पाण्याच्या टाकीची एकत्र मोट बांधली तर असंच काहीतरी होईल.

सभेला पंचवीस सभासद लागतात. त्याशिवाय अहवाल वाचता येतात, पण ठराव करता येत नाही. माणसं येत होती, पण थेंबाथेंबाने. शेजारच्या गावात रोडिओ, म्हणजे घोड्या-बैलांच्या कसरतींचा खेळ होता, एका घरी पूजाविधी होता. अध्यक्षीणबाई, चांदीचा मोठा पट्टा बांधलेल्या, मधूनमधून मान उचलून मोजत होत्या. बराच वेळ गेला आणि आकडा चोवीसवर येऊन थांबला. त्यात चँडलरहून आलेली व्हॅलरीही धरलेली. आम्ही दोघी बसलो होतो, पण आम्ही पाहुण्या.

मला राहवेना. मी अश्विनीला कोपराने ढोसलं. "त्यांना सांग, हजेरीचं रजिस्टर घेऊन कुणाला तरी घरोघरी पाठवा. सह्या आल्या की झाला कोरम. आमचा शिपाई तासाभरात गाव उरकायचा."

"आई, मी हे ट्रान्सलेट करणार नाही."

"मग मी माझ्या इंग्रजीत सांगते."

माझ्या इंग्रजीच्या धाकाने तिने सांगितलं. एल्सीबाईने ऐकून घेतलं आणि तिच्या खांद्यांना हसू फुटलं. "सही हात वर करत नाही," ती म्हणाली. त्यांच्याकडे मत हात वर करून देतात, आणि हात माणसाबरोबरच येतो.

मी हार मानली नाही. आमच्याकडे कोरमअभावी सभा तहकूब केली, की नंतरच्या तहकूब सभेला कोरम लागत नाही, हा हुकमाचा पत्ता मी टाकला. अध्यक्षीणबाईंनी उत्सुकतेने सगळं विचारून घेतलं आणि मान हलवली. इथे तसं केलं, तर नवाहोंच्या राजधानीतल्या कचेरीतून ठराव परत येतो. "तुमचा कायदा सोपा आहे," त्या म्हणाल्या. कौतुक होतं की काय, ते अजून माझ्या लक्षात आलेलं नाही.

"आता कोण राहिलं जवळपास?" मी विचारलं.

व्हॅलरीने ओठ पुढे करून खिडकीबाहेरच्या एका टेकाडाकडे खूण केली. तिथे बोट दाखवत नाहीत, ओठांनी दिशा सांगतात. "लेनर्ड आहे घरी. पण तो येणार नाही. तो या लाइनच्या विरोधात आहे."

नळाचा चर लेनर्डच्या चराईच्या रानातून जाणार होता. त्याने घरी बसायचं ठरवलं की ठराव आपोआप बुडाला. आमच्या गावात विरोधक याहून वेगळं काय करतात? सभा भरू देत नाहीत, किंवा भरली तर उठून जातात. हे राजकारण मला तोंडपाठ होतं. माझ्या लेखी विषय संपला होता.

एल्सीबाईने पिकअपची किल्ली उचलली. "मी त्याला घेऊन येते."

"विरोधात मत द्यायला?" मी विचारलं.

"त्याला यायचंय की नाही, ते त्याला विचारायला नको?" असं म्हणून ती निघालीसुद्धा. अध्यक्षीणबाईंनी सांगितलं, तासभर थांबू, मग अहवाल वाचून सभा संपवू. व्हॅलरी स्वयंपाकघराच्या दारात पातेलं राखत उभी राहिली, कारण सभेनंतरच्या जेवणाचा स्ट्यू आधीच वाढला तर माणसं जेवून घरी जातील. मी न विचारता पिकअपमध्ये चढले आणि नाइलाजाने अश्विनीही.

लेनर्डच्या अंगणाबाहेर

रस्ता कसला, वाळलेली कणसं पसरलेलं खळं होतं ते. माझे मणके एकेक करून जागचे हलले. टेकाडामागे एक घर, एक मेंढवाडा आणि पाच-सहा कुत्री. एल्सीबाईने घरापासून बऱ्याच अंतरावर गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि बसून राहिली.

मी दार उघडून उतरायला निघाले. आपली पद्धत माहीत आहे, उंबऱ्यापर्यंत जायचं आणि 'आहेत का घरात?' म्हणून हाक द्यायची. एल्सीबाईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बस. घराला कळू दे कोण आलंय ते."

"हॉर्न तरी वाजवा."

"गाडी दिसते त्याला."

मग तिने पद्धत सांगितली. दुसऱ्याच्या घरी गेलं की गाडीत थांबायचं. आतला माणूस हातातलं काम ठेवेल, मन तयार करेल आणि बाहेर येईल. नाहीच आला, तर त्याला भेटायचं नाही असं समजून निघून जायचं. राग धरायचा नाही.

आम्ही थांबलो. खिडकीचा पडदा हलला आणि परत सरळ झाला. कुत्री भुंकून दमली आणि चाकांच्या सावलीत पसरली. अश्विनी पुन्हा पुन्हा फोनमधलं घड्याळ बघत होती, आणि दर वेळी ते घड्याळ कुठल्या सरकारचं, ही शंका तिच्या चेहऱ्यावर येत होती. माझी तर आग आग चालली होती. तिकडे एखादा म्हातारा कंटाळून उठला असता, तर इथून लेनर्ड नेऊनही उपयोग नव्हता. आयुष्यभर मी लोकांच्या दारात जाऊन कड्या वाजवल्या. वाट बघण्याचं काम माझ्याकडून कधी झालंच नाही. एल्सीबाई मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून स्वस्थ होती. तिने मला नातं सांगितलं. लेनर्डचा बाप तिच्या कुळातला. म्हणजे वयाने तो मोठा असला, तरी मानाने ती त्याची आत्या.

"मग आत्या म्हणून हुकूम सोडा!"

"आत्या आहे म्हणूनच थांबलेय," ती म्हणाली.

अखेर दार उघडलं. उंच, वाळका माणूस, डोक्याला काळी टोपी. सावकाश चालत एल्सीबाईच्या खिडकीपाशी आला. त्यांच्या भाषेत मोजकं बोलणं झालं आणि तो पाठ फिरवून आत गेला. दार लागलं.

"संपलं," मी अश्विनीला म्हणाले.

"शूऽ! तू एक मिनिट शांत बस ना, आई."

दार परत उघडलं. लेनर्डने शर्ट बदलला होता, गळ्यात फिरोजी खड्याची दोरी घातली होती. तो आला, पुढच्या सीटकडे बघत उभा राहिला. मी मुकाट्याने उतरून मागे गेले.

त्यांचं काय बोलणं झालं, ते एल्सीबाईने मला नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, "मी नाही म्हणणार आहे." ती म्हणाली, "माहीत आहे." तो म्हणाला, "मग का आलीस?" ती म्हणाली, "तुझ्याशिवाय पंचवीस होत नाहीत."

ठराव

आम्ही शिरलो तेव्हा दोन म्हातारे उठून टोप्या घालत होते. लेनर्डला बघून ते परत बसले. पुष्कळांच्या भुवया वर गेल्या. अध्यक्षीणबाईंनी हातोडी आपटली आणि सभा सुरू झाली.

ठराव मांडला, अनुमोदन झालं, आणि लेनर्ड बोलायला उभा राहिला. आधी चारही कुळं सांगितली. मग बोलत राहिला. व्हॅलरी अश्विनीच्या कानात सांगे, अश्विनी माझ्या. तो म्हणत होता, मागे विजेचे खांब घालायला आले, तेव्हा फाटक उघडं टाकून गेले. मेंढ्या रस्त्यावर गेल्या, काही मेल्या. गाड्यांच्या चाकोऱ्यांतून पाणी वाहून तिथे आता ओहोळ पडलाय. त्यांनी मला विचारलं नव्हतं. आताही कागदावर रेघ आधी मारली आणि मला नंतर कळलं. आत्याला पाणी मिळेल, माझ्या चराईत खड्डा राहील.

किती वेळ बोलला! मी अध्यक्ष असते तर घंटी वाजवली असती. इथे कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही, मध्ये कुणी 'बसा खाली' म्हटलं नाही. तो थांबल्यावरही लोक थोडे गप्प राहिले, आणखी काही आठवतंय का म्हणून.

मग एल्सीबाई उभी राहिली. आता ही त्याचं बोलणं खोडून काढणार, म्हणून मी सरसावून बसले. ती म्हणाली, "माझा भाचा खरं बोलला. फाटक उघडं होतं. मेंढ्या शोधायला मीही गेले होते. त्याला आधी विचारायला हवं होतं." आणि जरा थांबून, "मला तरीही पाणी हवंय. मी मरेपर्यंत टाकी भरायला येऊ शकते, पण माझ्यामागे त्या घरात राहायला कुणीतरी यावं, असं मला वाटतं." व्हॅलरी भाषांतर करायची थांबली. तिने मान खाली घातली होती.

अध्यक्षीणबाईंनी बाजूने असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. हात वर गेले. माझाही गेला. सवयच ती! अश्विनीने माझं कोपर धरून हात खाली ओढला, आणि मोजणाऱ्या चिटणिसाने माझ्याकडे बघून, हसू दाबून, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग विरोधात कोण? एकच हात वर आला. लेनर्डचा, सरळ, बोटं जुळवलेला. तो खाली यायच्या आत चिटणिसाने लिहून घेतलं. ठराव मंजूर झाला, आणि ज्याच्यामुळे तो होऊ शकला त्या माणसाचं मत विरोधात नोंदलं गेलं.

टाळ्या वगैरे काही नाहीत. पुढचा विषय सुरू झाला. मेंढ्यांची लस.

जेवताना कळलं, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. ठराव म्हणजे नळ नव्हे. लाइन लेनर्डच्या चराईतून जायची, तर त्याची संमतीची सही लागणार. मी एल्सीबाईकडे पाहिलं. तिला हे सुरुवातीपासून माहीत होतं. ती लेनर्डच्या वाडग्यात स्ट्यू वाढत होती, आणि चांगला हाडाचा तुकडा शोधून.

जसं आणलं तसं सोडायलाही आम्हीच गेलो. त्याच अंतरावर गाडी थांबली. लेनर्ड उतरला, खिडकीशी थांबला आणि या वेळी इंग्रजीत बोलला. बहुधा आम्हाला कळावं म्हणून.

"सहीसाठी येशील तू."

"शनिवारी," एल्सीबाई म्हणाली.

"मी बाहेर येईनच असं नाही."

"मी कॉफीचा थर्मास आणीन," ती म्हणाली आणि गाडी वळवली.

परत गावी

मी परत येऊन दोन महिने होत आले. मास्तरांना अजून नायगाऱ्याची हळहळ आहे. दर रविवारी अश्विनीचा फोन येतो आणि मी जावयाच्या आधी एल्सीबाईची चौकशी करते. पहिल्या शनिवारी ती गेली, थांबली, पडदा हलला, कुणी आलं नाही. ती कॉफी पिऊन परत आली. दुसऱ्या शनिवारी पडदाही हलला नाही. त्यानंतर वारा-वादळाचा एक शनिवार, तेव्हाही गेली. मी फोनवर चिडले. "किती दिवस थांबणार ती?" अश्विनीने व्हॅलरीला विचारलं, व्हॅलरीने आईला. निरोप आला : दर शनिवारी पाणी भरायला जातेच, वाटेवरच आहे.

काल पुन्हा फोन आला. अश्विनी एरवी आधी हवापाणी सांगते, काल थेट म्हणाली, "आई, लेनर्ड बाहेर आला."

"सही केली?"

"नाही गं, अजून नाही."

"मग?"

"त्याने येताना स्वतःचा कप आणला होता."